नुसता बघणारा

‘जरा नुसतं बघून येऊ’ हे मराठी भाषेतले सर्वांत महागडे वाक्य आहे. नुसती साडी बघायला गेलेली बाई नुसत्या हातांनी परत आल्याचे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. नुसता फ्लॅट बघायला गेलेला माणूस पुढची वीस वर्षे हप्ते भरतो. आणि हे मी सांगोवांगी सांगत नाही, ते हप्ते भरून घेणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूला मीच बसतो. ‘करायचंच असं नाही, नुसती मुलगी बघून येऊ’ असे म्हणून कांदेपोह्यांना गेलेले कित्येक तरुण आज चाळिशी ओलांडून, हातात पिशवी घेऊन, मंडईत कोथिंबिरीची जुडी नुसती बघताना आढळतात.

पण हे सगळे किरकोळ खर्च झाले. खरा खर्च ‘नुसता बाबा बघून येऊ’ या वाक्यात आहे. त्यात गंमत अशी की, बघायला जातो एक आणि बिल येते दुसऱ्याच्या घरी. आज त्या बिलाचा हिशेब मांडायचा विचार आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञान आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. तीन वर्षे एकच तत्त्व घोकून घेतले गेले, की नावेकडे रक्कम पडली की कुठेतरी तेवढीच जमेकडे पडते. फुकट असे जगात काही नसते; फक्त दुसरी नोंद कुठल्या पानावर आहे ते शोधावे लागते.

आता एक अडचण आधीच सांगून टाकतो. इंग्रजीत ज्याला ‘कल्ट’ म्हणतात त्याला मराठीत धड शब्द नाही. ‘पंथ’ म्हणावे तर वारकरी पंथ आला, नाथपंथ आला, महानुभाव पंथ आला, आणि मग लोक माझ्या घरावर मोर्चा आणतील, व ते योग्यच होईल. मग दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? गुरूच्या दाढीवरून ओळखता येत नाही. दाढी अनेक सज्जनांनाही असते. कपड्यांच्या रंगावरूनही नाही. माझी कसोटी बँकेतली आहे. आत येण्याचा दरवाजा किती रुंद आहे ते पाहू नये, बाहेर जाण्याचा पाहावा. आषाढीला लाखो माणसे पंढरपूरला जातात आणि काला झाला की आपापल्या गावी परततात. पुढच्या वर्षी एखादा नाही आला तर विठोबा त्याच्या घरी चार माणसे पाठवत नाही. उलट जिथे आत येणाऱ्याला हार आणि बाहेर पडणाऱ्याला प्रहार, तिथे काहीतरी गडबड आहे असे समजावे. (या कसोटीवर काही बँकाही पंथच ठरतील, कारण खाते उघडायला अर्धा तास पुरतो आणि बंद करायला गेलात की साहेब जेवायला गेलेले असतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मध्यंतरी आमचे हेडकॅशियर मला म्हणाले, “काय हो, येता का गुरुवारी? गावाबाहेर एक महाराज उतरलेत. त्यांनी नुसतं बघितलं की म्हणे माणसं रडतात, लोळतात, एक बाई तर तेलुगू बोलायला लागली.”

“तुमचा विश्वास बसला की काय?”

“छे हो! विश्वास कसला? नुसतं बघायला. तेवढीच करमणूक.”

हे गृहस्थ मोजणीयंत्राने मोजलेली नोटांची गड्डी पुन्हा हाताने मोजतात आणि मग यंत्राकडे संशयाने बघतात. अशा माणसाला महाराजांपासून काय धोका, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले. पण कुठल्याही व्यवहारात उतरण्याआधी जोखीम तपासावी हा आमच्या धंद्याचा नियम, म्हणून मी जुनी खाती काढून बसलो. तीन प्रकारची जोखीम आढळली.

पहिली जिवाची. १९७८ च्या नोव्हेंबरात लिओ रायन नावाचे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या जंगलात गेले. जिम जोन्स या धर्मोपदेशकाने आपल्या ‘पीपल्स टेंपल’च्या अनुयायांना घेऊन तिथे वसाहत थाटली होती, आणि ‘आमची माणसे तिथे अडकली आहेत’ अशा तक्रारी नातेवाइकांकडून येत होत्या. रायन म्हणाले, स्वतः जाऊन बघतो. बरोबर पत्रकार होते, कॅमेरेवाले होते. पहिल्या रात्री स्वागत झाले, गाणीबजावणी झाली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १८ नोव्हेंबरला, काही जण ‘आम्हाला इथून घेऊन चला’ म्हणाले. ही मंडळी परतीच्या विमानात चढत असताना धावपट्टीवर गोळीबार झाला. रायन, तीन पत्रकार आणि परत निघालेली एक बाई, अशी पाच माणसे तिथेच संपली. त्याच संध्याकाळी वसाहतीत नऊशेहून अधिक माणसे विषाने मेली. त्यांत सुमारे तीनशे मुले होती.

दुसरे खाते आपल्या ओळखीचे. आचार्य रजनीशांचा आश्रम १९७४ पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात होता. १९८१ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि ऑरेगन राज्यात चौसष्ट हजार एकरांवर त्यांच्या शिष्यांनी नगर वसवले. २९ ऑगस्ट १९८४ रोजी तिथल्या जिल्ह्याचे अधिकारी पाहणीला गेले. उन्हाचे दिवस. आलेल्यांना पाणी द्यावे ही तर आपलीच रीत. शिष्यांनी पाणी दिले, आणि त्यातून साल्मोनेलाचे जंतूही दिले. दोन अधिकारी आजारी पडले. पुढच्याच महिन्यात जवळच्या गावातल्या हॉटेलांमधल्या कोशिंबिरींत तेच जंतू मिसळले गेले आणि ७५१ माणसे आजारी पडली. स्थानिक निवडणुकीत मतदार अंथरुणात राहावेत एवढाच हेतू होता. त्याबद्दल प्रमुख शिष्यांना पुढे शिक्षाही झाल्या. तेव्हापासून, कुठेही पाहणीला जाताना पाणी घरून न्यावे, हे आमच्या सौ.चे मत मला शास्त्रशुद्ध वाटू लागले आहे.

दुसरी जोखीम मनाची. जर्मनीतल्या ‘स्टर्न’ या खपाच्या साप्ताहिकाचा यॉर्ग आंद्रेस एल्टेन हा मुरलेला बातमीदार. १९७७ मध्ये तो पुण्यात आश्रमावर लेख लिहायला आला. लेखही झाला; पण बातमीदार परत जाऊनही परत गेला नाही म्हणायचा. तो नोकरी सोडून आश्रमात राहायला आला, संन्यासी झाला आणि स्वतःची रोजनिशीच पुस्तकरूपाने छापली. तो काही भोळा नव्हता. त्याचे पोटच मुळी शंका घेण्यावर चालत होते. मी त्याला हसत नाही. त्याला तिथे सुख मिळाले असेल तर ते त्याचे. मी एवढेच म्हणतो, की ‘मी नाही बुवा त्यातला’ हे वाक्य म्हणणारा माणूस त्यातला नसतो हे खरे, पण ते फक्त त्या दिवसापुरते खरे असते.

आणि याहून चमत्कारिक गोष्ट रायन यांच्या घरात घडली. बाप असा मेल्यावर त्यांची एक मुलगी पंथांच्या कचाट्यातून माणसे सोडवू पाहणाऱ्या संस्थेची पुढे अध्यक्ष झाली. दुसरी मुलगी रजनीशांची संन्यासिनी झाली. एकच घर, एकच दुःख, आणि दोन मुली दोन टोकांना. माणसाच्या मनाचा ताळेबंद कुठल्या ऑडिटरला जुळवता येईल, सांगा.

पण या दोन्ही जोखमी बघणाऱ्याच्या स्वतःच्या आहेत. ज्याचा जीव, ज्याचे मन, त्याने ठरवावे. त्यात नीतीचा प्रश्न फारसा येत नाही. तो येतो तिसऱ्या जोखमीत, आणि ती कुणी वहीत लिहीतच नाही.

१९५४ साली शिकागोजवळ एक बाई सांगू लागल्या, की २१ डिसेंबरला महापूर येणार आणि आपल्या माणसांना वाचवायला उडत्या तबकड्या येणार. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी ठरवले, की भाकीत फसल्यावर ही मंडळी काय करतात ते बघू. अर्थात नुसते बघायचे. त्यासाठी आपली माणसे भक्त म्हणून आत पाठवली. आता नुसते दार वाजवून आत कोण घेणार? म्हणून एका निरीक्षिकेने स्वप्न रचले: आपण टेकडीवर आहोत, खाली पाणी लोटते आहे, वर एक तेजस्वी पुरुष उभा आहे आणि तो हात देऊन आपल्याला वर घेतो आहे. भक्तमंडळींचा आनंद गगनात मावेना. बाहेरच्या परक्या मुलीलाही तेच स्वप्न पडते, म्हणजे आणखी पुरावा काय हवा! निरीक्षण करायला गेलेल्यांनी पाऊल टाकता टाकताच पुरात एक घागर ओतली. १९५६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहिलेही आहे. जाणीवपूर्वक थापा मारणाऱ्यांचे सोडा, पण जो नुसता येऊन बसतो, टाळी वाजते तेव्हा अवघडून टाळी वाजवतो, त्याने काय केले? त्याने एक खुर्ची भरली. आणि भरलेली खुर्ची मागच्या रांगेतल्या माणसाशी बोलत असते.

आमच्या बँकेत याला जामीन राहणे म्हणतात. कर्जदाराचा मित्र येतो, हसत हसत फॉर्मवर सही करतो आणि विचारतो, “नुसती सहीच ना?” मी मान डोलावत नाही. मी त्याला भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ ऐकवतो: वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बहुतेक जण ‘हो हो’ म्हणतात आणि सही करतात. कायद्याचे कलम ऐकून सही थांबवलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि त्याचे पेन संपले होते.

असाच एक जामीन मी खिडकीतून पाहिला. एक आजी मुदतठेव मोडायला आल्या. नाव सांगत नाही. बँकेच्या नियमात बसत नाही. यजमानांच्या पश्चात मिळालेले पैसे, मुदत पूर्ण व्हायला सात महिने बाकी. मी म्हटलं, “आजी, आत्ता मोडलीत तर व्याज कमी मिळेल. काही दुखणंबिखणं निघालं का?”

“नाही रे बाळा. महाराजांच्या आश्रमाला द्यायचेत.”

“सगळे?”

“अरे, चांगलंच असणार. आपल्या कॉलनीतले प्राध्यापक दर गुरुवारी पहिल्या रांगेत असतात. एवढा शिकलेला माणूस उगाच बसेल का?”

ते प्राध्यापक माझ्या परिचयाचे. पहिल्या रांगेत ते बसत, कारण तिथून नीट दिसते. रविवारी आमच्या कट्ट्यावर ते महाराजांची अशी नक्कल करत, की चहा नाकातून यायचा. आजींना कट्ट्यावरचा रविवार माहीत नव्हता. त्यांनी फक्त गुरुवार पाहिला होता. पैसे त्यांचे, सही त्यांची, ठेव मोडली गेली.

मी प्राध्यापकांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण मी तर नुसता बघत होतो.” माणूस सज्जन, संध्याकाळी स्वतः आजींच्या घरी गेले आणि आपले खरे मत तासभर समजावून सांगितले. आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला आणि विचारले, “मग तुम्ही येत का होतात?” तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ते, पण या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. आणि मोडलेली ठेव जुन्या तारखेने परत जोडून देण्याची सोय कुठल्याच बँकेत नाही.

म्हणजे कुणी बघायला जाऊच नये का? तसे म्हणणे सोपे आहे, आणि महाराजांच्या सोयीचेही. कुणीच गेले नाही तर आत काय चालले आहे ते कळणार कसे? रायन गेले नसते तर त्यांच्याबरोबर निघालेल्यांना दार तरी कोण उघडणार होते? आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बुवांच्या दरबारात वर्षानुवर्षे गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, आणि ज्या कायद्यासाठी ते झगडले तो त्याच वर्षी झाला. त्यांच्या जाण्याला ‘नुसतं बघणं’ कोण म्हणेल?

फरक बघ्यात आणि ऑडिटरमध्ये आहे. ऑडिटरही आमच्याकडे येऊन बसतो, आमचाच चहा पितो, आमच्याच वह्या चाळतो. पण तो आला की सगळ्या शाखेला कळते की तो कोण आहे, कशासाठी आला आहे. आणि जाताना तो अहवाल ठेवून जातो. त्याच्या येण्याने ‘ही शाखा उत्तम आहे’ असे कुणाला वाटत नाही. झालाच तर संशय येतो. बघ्या मात्र अहवाल देत नाही. दिलाच तर कट्ट्यावर देतो, जिथे त्याची कुणालाच गरज नसते.

आणि अहवालाला किंमत आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. समोर रेषा, कुठल्या दोन सारख्या, एवढेच सांगायचे. खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, आणि ते ठरवून चूक उत्तर द्यायचे. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही एकट्या पडलेल्या माणसांनी सुमारे एकतृतीयांश वेळा बाकीच्यांचीच री ओढली. पण त्या घोळक्यात एकाने जरी खरे उत्तर मोठ्याने दिले, की हे प्रमाण एकदम खाली यायचे. एकच माणूस पुरतो. मात्र तो खोलीत आणि ऐकू जाईल असा बोलावा लागतो, रविवारी चहाबरोबर नव्हे.

तेव्हा वाचकहो, जायचे तर जरूर जा. पाणी घरचे न्या, परतीचा रस्ता पाहून ठेवा, नाव खरे सांगा आणि जे दिसेल ते बाहेर येऊन, आजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोला. तेवढे जमणार नसेल तर घरीच बसा. करमणुकीला टीव्ही आहे. कारण आमच्याकडच्या जामिनाच्या फॉर्मवर नाव, पत्ता, धंदा, वार्षिक उत्पन्न, सगळ्याला रकाने आहेत. मी पुन्हा एकदा वाचून पाहिला. ‘मी नुसता बघायला आलो होतो’ असे लिहायला त्यात कुठेच जागा ठेवलेली नाही.