देठ अजून ओला आहे

गेल्या माघात अण्णा दहा दिवस अतिदक्षता विभागात होते आणि इकडे साताऱ्यात माझ्या गच्चीवरचे टोमॅटो रंगावर यायला लागले होते. अण्णांचं वय ९१. दादाने गुरुजींना बोलावून महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप बसवला. मी ३१ वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. मंत्र कानावर पडला की अर्थही डोक्यात शिरतो, आणि तिथेच माझी पंचाईत झाली.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातली ही ऋचा (७.५९.१२) मरण टळावं एवढंच मागत नाही. तिच्यात काकडीच्या जातीच्या फळाची उपमा आहे. ते फळ जसं देठातून सुटतं तसं मला मृत्यूतून सोडव, अमृतापासून मात्र तोडू नकोस, असं मागणं आहे. आता फळ अलगद सुटतं ते पिकल्यावरच. म्हणजे आम्ही अण्णांना धरून ठेवायला जो मंत्र म्हणत होतो, त्याच्या पोटातली उपमा सुटण्याची होती. दादाला हे बोलले असते तर त्याने माझं तोंड पाहिलं नसतं. मी गच्चीवर गेले.

टोमॅटोच्या देठावर मधोमध एक गाठ असते. कोवळं फळ ओढलं तर कधी फांदीची साल निघून येते. पिकलेल्या फळाच्या त्या गाठीवर अंगठा दाबला की देठ टक्कन मोडतो. गंमत अशी की ही सुटण्याची जागा झाड फळ धरल्यावर शोधत नाही. फूल असतानाच त्या गाठीत पेशींचा वेगळा थर तयार होत असतो. जन्मपत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण ही गाठ पाहिली की जरा गप्प बसावंसं वाटतं.

मग पिकायला झाडावर राहायलाच हवं का? आंब्याला पाड लागला की आपण तो उतरवून अढी घालतो, तसंच टोमॅटोचं. जून झालेलं, तळाशी पांढुरकं पडलेलं फळ तोडून कागदात गुंडाळून, सोबत एक पिकलं केळ ठेवलं की आठवड्याभरात लाल होतं. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू त्याला पुढे ढकलतो. पण कोवळंच तोडलं तर केळ्यांचा घड ठेवा नाहीतर जप करा, ते सुरकुततं आणि नासतं. चैत्रात उलटा प्रकार. पारा ३० अंशांच्या वर राहिला की लाल रंग नीट तयारच होत नाही, झाडावरची फळं केशरीवर अडून बसतात. तीच खाली स्वयंपाकघरात, सावलीत आणली की रंग धरतात. झाडाशी चिकटून राहणं म्हणजे पिकणं नव्हे, हे मला वानप्रस्थावरच्या कुठल्याही प्रवचनाने पटवलं नव्हतं.

रंगाचाही भरवसा नाही. माझ्याकडे गावठी चपटा, चिरांचा आंबट टोमॅटो आहे, पुसा रुबी आहे आणि भाचीने बी आणून दिलेला ग्रीन झेब्रा आहे. हा झेब्रा पिकला तरी हिरवाच. पट्ट्यांमधली जागा जरा पिवळसर होते, इतकंच. बोटाने दाबून मऊपणा पाहायचा. पहिल्या वर्षी मी लाल होण्याची वाट पाहत बसले आणि सहा फळं कुंडीतच सडवली. याउलट बाजारातले काही संकरित टोमॅटो लालभडक असतात, महिनाभर टणक राहतात, आणि चिरले तर वास नाही. भगव्या कपड्यांविषयी माझं मत इथे लिहीत नाही.

अण्णा बरे होऊन घरी आले. श्रेय जपाला गेलं, जाऊ दे. एका दुपारी ते ओट्यावर टोमॅटो निवडत बसले होते. कच्चे एकीकडे, कोशिंबिरीचे एकीकडे. मी धीर करून माझी शंका सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, हातातल्या फळाचा देठ चाचपला आणि म्हणाले, "बाळ, पाड लागलाय गं, पण देठ अजून ओला आहे. जप करणाऱ्याला करू दे, तू ओढू नकोस म्हणजे झालं."

मी ओढत होते का? त्या दहा दिवसांत, 'आता यांना सोडव' असं मी मनात दोनदा म्हटलं होतं. त्यामुळे दादाला नावं ठेवण्याचा माझा अधिकार संपला.

गावठीचं बी मी धरलं आहे. गर तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवलंय. बुळबुळीत आवरण गेल्याशिवाय ते नीट रुजत नाही. हवं असेल त्यांनी कागदाची पुडी घेऊन यावं. संकरिताचं बी मागू नये, ते पुढच्या पिढीत आईबापावर जात नाही.