काटा फुलवर होता

पाडवा तोंडावर आला की गिरगावातल्या मोटारसायकलींना जाग येते. शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून गाड्या चालवणाऱ्या बायका बघायला सकाळपासून गर्दी लोटते. त्या रांगेत आपणही असावं, असं फणसवाडीतल्या एका चाळीतल्या धाकटीच्या मनात होतं. गाडी घरचीच होती. बाबांची, दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली, मीटरमध्ये पेट्रोलचा काटा असलेली. बाबांचा गुडघा धरला तेव्हापासून ती चाळीच्या चौकात ताडपत्रीखाली उभी होती.

मेकॅनिकने सांगितलेला खर्च ऐकून धाकटीने ठरवलं, आपणच करायचं. आणि मन लावून केलं. ऑइल बदललं, प्लग साफ केला, एअर फिल्टर धुतला, चेनला तेल दिलं. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास मारत होता, म्हणून टाकी उतरवून ते सगळं काढलं. तेही चौकात, उघड्यावर, आसपास कोणाला काडीसुद्धा ओढू न देता, कारण लाकडी जिन्यांच्या चाळीत पेट्रोल म्हणजे काय, ते तिला सांगावं लागत नव्हतं. कॉकची जाळी धुतली, टाकी पुन्हा बसवली, बोल्ट आवळले. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे घडलं त्याचा दोष निष्काळजीपणावर टाकणं फार सोपं आहे. पोर निष्काळजी नव्हती.

पंपावर तिने पाचशेचं पेट्रोल भरलं. घरी येईपर्यंत काटा पार उजवीकडे, एफवर जाऊन बसला. तेरा लिटरच्या टाकीत पाच लिटरही नाहीत आणि काटा फुल? क्षणभर तिला चमत्कारिक वाटलं. पण बाबा गॅलरीतून बघत होते, इंजिन सुरेल चाललं होतं, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, पोरीने गाडीला नवा जन्म दिला." शंका तिथेच विरली.

मग ती गाडी रोज पळू लागली. परळला ऑफिसला, दादरला फुलांना, रविवारी मैत्रिणीला मागे बसवून मरीन ड्राइव्हला. आठवडा गेला, दुसरा लागला. काटा एफवरून हलला नाही. चाळीत कौतुक वाढलं. ॲव्हरेज केवढं देतेय, हात लागलाय पोरीचा, असं लोक म्हणू लागले आणि तिलाही ते खरं वाटू लागलं. आपल्या कष्टाचं फळ दिसतंय म्हटल्यावर त्या फळाला टिचकी मारून कोण बघतं?

एका सकाळी प्रिन्सेस स्ट्रीटच्या पुलावर चढताना गाडीने आचके दिले आणि बंद पडली. हात सवयीने कॉककडे गेला, रिझर्व्हवर लावायला. कॉक आधीपासूनच रिझर्व्हवर होता. जाळी धुतल्यावर तिनेच तो तसा ठेवला होता. म्हणजे टाकीच्या तळाशी राखून ठेवलेलं शेवटचं पेट्रोलही इतके दिवस न सांगता जळत होतं. त्या जागी तरी उलगडा व्हायला हवा होता. पण तिने मीटर बघितला आणि काटा एफवर होता.

गाडी ढकलत वाडीत आणली. प्लग काढला, पुन्हा साफ केला. कार्बोरेटर उतरवला, वर्तमानपत्रावर जेट मांडले. पंपवाल्याने भेसळ केली असणार, असं ठरवून त्यालाही बोलून घेतलं. दुपार टळली, हात कोपरापर्यंत काळे झाले आणि डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

तळमजल्यावरचे आप्पा खुर्ची ओढून चौकात आले. त्यांची सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेलेली. त्यांनी कार्बोरेटरकडे बघितलंही नाही.

"झाकण उघड गं टाकीचं."

"आप्पा, टाकी भरलेली आहे. काटा बघा ना."

"काटा दिसतोय मला. झाकण उघड."

तिने किल्ली फिरवली, मोबाइलचा टॉर्च आत मारला. तळाचा पत्रा लख्ख दिसत होता. एका कोपऱ्यात चमचाभर पेट्रोल डुचमळत होतं, बस.

धाकटी खाली बसली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे मीटर गेलाय. उद्या नवा आणते. आणि फ्लोटही बदलते."

"सावकाश. गाडी उभी करण्याआधी बाबा चालवत होते तेव्हा काटा बरोबर दाखवायचा?"

"हो."

"मग मधल्या काळात या काट्याच्या रस्त्यावर हात कोणाचा फिरला?"

ती गप्प राहिली. आप्पांच्या आवाजात टोमणा नव्हता. बिघाड शोधायची ती पहिली पायरी होती, आणि त्यांनी ती आयुष्यभर रोज चढलेली होती. ज्या गोष्टीला शेवटचा हात लागला तिथून सुरुवात करायची. तो हात आपला असला तरी, किंबहुना आपला असला तर आधी.

त्यांनी तिला समोर बसवून रस्ता समजावला. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल तरंगतो ना, तसाच पेट्रोलच्या टाकीत फ्लोट. तो वरखाली झाला की त्याच्या दांड्याचं टोक एका रेझिस्टन्सवर सरकतं. या गाडीत टाकी भरली की तो दहा ओहमच्या आसपास, रिकामी झाली की शंभरच्या. मीटर पेट्रोल बघतच नाही, तो फक्त हा रेझिस्टन्स बघतो. कमी मिळाला की फुल म्हणतो.

"आणि वायर बॉडीला टेकली तर?"

"शून्य," ती म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं. "म्हणजे कायम फुल."

लॅमिंग्टन रोडवरून कधीतरी आणलेला आप्पांचा मल्टिमीटर खाली आला. आधी टाकीखालचा फ्लोटचा कपलर सोडवला आणि चावी लावली. वायर मोकळी असती तर काटा ईवर पडायला हवा होता. तो एफवरच राहिला. म्हणजे फ्लोट निर्दोष. तो सुटलेला असूनही मीटरला भरलेली टाकी दिसत होती. चावी काढून बॅटरीची मायनस सोडवली, मल्टिमीटरची एक पिन मीटरकडे जाणाऱ्या वायरला आणि दुसरी चासीला लावली. मल्टिमीटर शिटी वाजवल्यासारखा ओरडला. वायर बॉडीला टेकली होती. टाकीचा मागचा बोल्ट काढून टाकी उचलली, तर रबराच्या बुशाखाली वायर चेपून चपटी झालेली. आवरण फाटून तांब्याचा एकच केस चासीच्या खरवडलेल्या पत्र्याला चिकटला होता. टाकी बसवताना वायर चासीच्या उजव्या अंगाने घ्यायची, ती डाव्या अंगाने आली होती. तेवढंच.

नवा मीटर नको, नवा फ्लोट नको. आप्पा तिच्याकडून वायर जोडून, स्लीव्ह चढवून घेत होते, आणि ते करता करता त्यांनी कॅनडातल्या एका विमानाची हकीकत सांगितली. 23 जुलै 1983. एअर कॅनडाचं बोइंग 767, तेव्हा अगदी नव्या बनावटीचं. कुठल्याशा कॉइलच्या कच्च्या डाखामुळे इंधनाचे मीटर बंद. म्हणून टाक्यांतलं इंधन काडीने मोजलं, पण लिटरचं वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा आकडा धरला गेला. हवं होतं 22,300 किलो, विमान निघालं त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी घेऊन. 41,000 फुटांवर इंधनाचा दाब कमी झाल्याचा इशारा आला, तेव्हा वैमानिकांना वाटलं की पंप बिघडला.

"का? कॉम्प्युटर तर भरपूर इंधन दाखवत होता. पण तो आकडा टाकीतून आलाच नव्हता. निघताना यांनीच हाताने भरला होता." दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते अवाढव्य विमान तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवावं लागलं. आतली 69 माणसं वाचली, ते त्या वैमानिकांचं कसब.

"आणि हे सांगतो ते तुझी चूक मोठी करायला नाही," आप्पा म्हणाले. "माझ्या नोकरीत इशाऱ्याच्या दिव्याची मला भीती कधी वाटली नाही. दिवा लागला की दहा माणसं धावतात. इथे काटा ईवर पडला असता तर तू त्याच संध्याकाळी टाकीत डोकावली असतीस. तो फुलवर गेला, म्हणून तू दोन आठवडे खूश राहिलीस, आणि आम्ही सगळे तुझ्याबरोबर. चाळीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की पोरी, पेट्रोल भरलंस किती नि गाडी फिरली किती."

टाकी बसवली, कपलर लावला, कॉक ऑनवर आणला. चावी फिरवताच काटा हळूहळू उतरून ईवर टेकला. ते बघून धाकटीला हायसं वाटलं.

पुढचं काम आप्पांनी सांगितलं नव्हतं, ते तिने आपल्या मनाने केलं. पत्र्याच्या डब्यातून एकेक लिटर पेट्रोल मोजून ओतलं, प्रत्येक वेळी काटा स्थिर होईपर्यंत थांबली आणि वहीत टिपलं. पहिल्या लिटरला काटा जवळपास जागचा हललाच नाही. मधल्या लिटरांना भराभर चढला. टाकीचा आकार खाली एक, वर एक. काटा त्याप्रमाणेच वागणार. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून तिने सीटखाली ठेवला.

पाडव्याच्या आदल्या रविवारी तालमीसाठी मुली ठाकूरद्वारला जमल्या. सरावानंतर सगळ्या फणसवाडीच्या कोपऱ्यावर मिसळ खायला थांबल्या, आणि धाकटीला गाडीतलं कळतं ही बातमी एव्हाना पसरलेली असल्याने प्रश्न सुरू झाले. एकीची स्कूटर सर्व्हिसिंगहून आल्यापासून काटा रिकामाच दाखवत होती. ती कावलेली होती, रोज झाकण उघडून बघायची, वर जास्तीचं पेट्रोल भरून ठेवायची. दुसरी हसून म्हणाली, "माझं बरं आहे बाई. परवा भावाने घरीच उघडून साफ केली, तेव्हापासून काटा कायम फुल. काही त्रासच नाही."

धाकटीने पहिलीला सांगितलं, तुझं जेवून झाल्यावर निवांत बघू. हातातला पाव तसाच बशीत ठेवून ती दुसरीकडे वळली.

"किल्ली दे. आणि चल, आधी तुझी टाकी उघड."