उसने ओरखडे

माणसाला उतारवयात कसला छंद लागेल याचा नेम नसतो. कुणी गच्चीवर गुलाब लावतो, कुणी घराण्याची वंशावळ शोधत गावोगाव हिंडतो. मला छंद लागला तो एक नवे कोरे घड्याळ जुने करण्याचा. या छंदापायी गेल्या दिवाळीत मी एका भल्या माणसाशी खोटे बोललो. ते खोटे निस्तरताना जे सुचले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

घड्याळाची हकीगत अशी. रोलेक्स कंपनीने १९५३ साली पाणबुड्यांसाठी ‘सबमरीनर’ नावाचे घड्याळ काढले. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांतली ५५१३ क्रमांकाची आवृत्ती १९६२ पासून १९८९ पर्यंत बनत होती. काळी तबकडी, बहुतेक तासांच्या जागी गोल ठिपके, तारीख नाही, आणि काचेभोवती मिनिटांच्या खुणांचे फिरते कडे. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, म्हणजे पाण्याखाली किती वेळ गेला ते एका नजरेत कळे. त्या काळी हे कामाचे हत्यार होते. आज ती तिजोरीत ठेवण्याची चीज झाली आहे आणि तिची किंमत माझ्यासारख्या पेन्शनराने विचारू नये हेच बरे. तेव्हा मी ऐपतीप्रमाणे तिची एक नक्कल घेतली. तबकडीवर कुणाचेही नाव नव्हते. ठेवण तेवढी तीच.

आठ दिवस मी खुशीत होतो. मग भिंग घेऊन जुन्या घड्याळांची छायाचित्रे पाहू लागलो आणि खुशी ओसरली. माझ्या घड्याळाची काच नीलमण्याच्या जातीची, सपाट आणि ओरखडा न पडणारी. अस्सलाची काच ॲक्रिलिकची, किंचित फुगीर आणि सहज चरे पडणारी. मी काच बदलली. अस्सलाचे कडे उन्हात वर्षानुवर्षे राहून राखेच्या रंगाचे झालेले. माझे काजळासारखे काळे. मी कड्यावरची चकती काढून ब्लीचच्या पाण्यात बुडवली आणि पोळी करपू नये म्हणून तव्याशी उभे राहावे तसा तिच्याशी उभा राहिलो. अस्सलाला पट्टा जिथे अडकवतात तिथे आरपार भोके असतात, म्हणून एका घड्याळजींकडून तीही पाडून घेतली.

मग आले ठिपके. अस्सल घड्याळाचे ठिपके ट्रिशियम नावाच्या किरणोत्सारी द्रव्याच्या जोरावर अंधारात उजळत. हे द्रव्य दर बारा वर्षांनी, किंवा थोड्या अधिक काळाने, निम्मे होते. म्हणजे पन्नास वर्षांनी जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. ज्या चूर्णात ते मिसळलेले असते तेही थकून जाते. ठिपके आधी सायीसारखे होतात, मग तुपासारखे पिवळट होतात, आणि उजेड द्यायचे थांबतात. माझ्या घड्याळाचे ठिपके मात्र रात्रभर काजव्यासारखे हिरवे चमकत. मी ते खरवडले आणि पिवळट रंग कालवून, त्यावर चहाच्या पाण्याचा हात देऊन, नवे ठिपके भरले. सौभाग्यवती बाजूला वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, लोक जुनं नवं करून घेतात. तुम्ही चांगलं नवं आणून त्याची दृष्टी घालवलीत!”

बोलणे थट्टेचे होते, पण मनात रुतून बसले. खरोखरच, अस्सलाकडे टाकलेले माझे प्रत्येक पाऊल घड्याळाला अधू करणारे होते. चांगली काच काढून हलकी बसवली. पक्का रंग घालवून विटका केला. दिवे मालवले. आणि शेवटी काचकागद घेऊन पाठीवर आणि कडेला ओरखडे काढले. हे सारे मी कशासाठी करत होतो? घड्याळ तर माझ्यापाशी होतेच. मला हवी होती ती त्यामागची पन्नास वर्षे. ती बाजारात मिळत नव्हती, म्हणून मी ती जेवणाच्या टेबलावर बसून तयार करत होतो.

इथवर मी काही पाप केले असे मला अजूनही वाटत नाही. नकलेत मुळातच खोट असती, तर आपल्याला रंगभूमीच बंद करावी लागली असती. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर येत, तेव्हा समोरच्या एकाही प्रेक्षकाची फसवणूक होत नसे. उलट घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडून नेसण्याची आणि केसांची तऱ्हा उचलत. नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा नट आणि प्रेक्षक यांच्यात एक करार झालेला असतो. लग्नात एक ग्रॅम सोन्याची ठुशी घालणारी मुलगीही कुणी विचारले तर हसून सांगते. नक्कल निर्दोष असते ती विचारणाऱ्याला खरे सांगायची तिची तयारी असते म्हणून.

पण माझे तेवढ्यावर भागले नाही. एक दिवस मी ती दुसरी तबकडी मिळवली. तिच्यावर कंपनीचे नाव होते, मुकुट होता, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘स्विस’ या शब्दाजवळ ‘टी’ हे अक्षर आणि २५ हा आकडा होता. अस्सल घड्याळावर या अक्षराला अर्थ असतो. आत ट्रिशियम आहे आणि ते ठरावीक मर्यादेच्या आत आहे, याची ती कबुली असते. आपल्या पोटात काय आहे ते अस्सल घड्याळ न विचारता सांगत होते. माझ्या घड्याळात ट्रिशियमचा कणही नव्हता, आणि मी ती कबुलीसुद्धा चोरून आणली! दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने वापरणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण ‘मी कुठे विकणार आहे?’ या एका वाक्याने माणूस स्वतःची किती सहज समजूत घालतो! तबकडी बसवली आणि घड्याळ मनगटावर चढवले. तोवर मी एका वस्तूशी खेळत होतो. त्या दिवसापासून माणसांशी खेळू लागलो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अण्णा फराळाला आले. अण्णा आमचे जुने शेजारी. वय ऐंशीच्या पुढे. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत काढली. चिवड्याची बशी पुढे करताना माझी बाही वर सरकली. अण्णांचा हात बशीकडे येता येता थांबला.

“काय रे, हे कुठून आणलंस?”

“जुनं आहे,” मी म्हणालो.

अक्षरशः पाहिले तर या दोन शब्दांत फारसे खोटे नव्हते. मी त्याला जुने केलेच होते. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय उभे राहणार हे ठाऊक असून उच्चारलेला शब्द खराच असला तरी असत्यच असतो. धर्मराजाचा रथ अशाच एका वाक्यानंतर जमिनीला टेकला होता.

अण्णांनी घड्याळ मागून घेतले. त्यांनी असेच घड्याळ १९७२ साली सिंगापुरात घेतले होते. चौदा वर्षे ते त्यांच्या हातात होते. पुढे वहिनींच्या आजारपणात मुंबईत विकावे लागले. हे मला त्या संध्याकाळी प्रथमच कळले. “कुठल्या बोटीवर होतं रे हे?” असे पुटपुटत ते माझ्या काचकागदाच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मला त्या अंगठ्याकडे पाहवेना. मग त्यांनी कडे फिरवले. टक, टक, टक. अण्णा थबकले. पुन्हा फिरवले.

“हे वाजतं कसं? माझं तर वाजत नसे. दोन्ही बाजूंना नुसतं सरकायचं.” क्षणभर ते गप्प राहिले. मग ओशाळे हसून म्हणाले, “नाही, वाजतही असेल. वय झालं बाबा. आता आठवणीसुद्धा खोटं सांगायला लागल्या.”

वाचकहो, उत्तर मला माहीत होते. ५५१३ चे कडे नुसत्या घर्षणाने बसलेले असे आणि दोन्ही दिशांना आवाज न करता सरके. माझ्या नकलेचे कडे नव्या पद्धतीचे, एकाच दिशेला टकटक करत जाणारे. तेवढे मला बदलता आले नव्हते. अण्णांच्या बोटांनी पन्नास वर्षांपूर्वीचे सत्य बिनचूक जपून ठेवले होते, आणि एका वाक्यात मी ते त्यांना परत देऊ शकत होतो. मी म्हणालो, “अण्णा, चहा घेणार ना?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्यांचा एक पैसाही घेतला नव्हता. मग मी त्यांचे काय हिरावले होते? विचार करता करता हान व्हान मेगेरेन या डच चित्रकाराची गोष्ट आठवली. सतराव्या शतकातील थोर चित्रकार व्हर्मीर याच्या नावाने त्याने खोटी चित्रे काढली. त्यासाठी जुने कापड मिळवले, रंगांत बेकेलाइट मिसळले, चित्र भट्टीत भाजले, गुंडाळून त्याला तडे पाडले आणि तड्यांत शाई भरली. माझ्या चहाच्या पाण्याचे हे थोरले भावंडच! १९३७ साली अब्राहम ब्रेडियस या नामांकित जाणकाराने त्यांतल्या एका चित्राला व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून गौरवले आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेले. पुढे १९४५ साली, शत्रूला राष्ट्राचा ठेवा विकल्याच्या आरोपातून सुटण्यासाठी, मेगेरेनला स्वतःच कबूल करावे लागले की ही चित्रे माझी आहेत. १९४७ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच तो वारला.

लोक या गोष्टीत फसलेल्या जाणकाराला हसतात. मला तिचा दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. खोटे चित्र एका भिंतीवर गुपचूप टांगून राहत नाही. जोवर ते खरे मानले जाते, तोवर खऱ्या चित्रांची पारखही त्याच्यावरूनच होऊ लागते. खोटे माप एकदा दुकानात शिरले की खरे मापच कमी भरल्यासारखे दिसते. अण्णांचे असेच झाले होते. माझे खोटे घड्याळ आणि त्यांची खरी आठवण समोरासमोर आली, आणि खोटे ठरली ती आठवण. नक्कल ओबडधोबड असती तर हे घडले नसते. अण्णांनी हसून मला परत दिली असती. ती अस्सलाच्या जितकी जवळ गेली, तितकी अस्सल पाहिलेल्या माणसाला इजा करण्याची ताकद तिच्यात आली. म्हणून नक्कल जितकी चांगली, तितके ती बाळगणाऱ्यावर बोलण्याचे ऋण मोठे. हे ऋण विचारल्यावर फेडायचे नसते. समोरचा स्वतःवर संशय घेऊ लागला की त्याने विचारायची वाटच पाहायची नसते.

पाडव्याच्या सकाळी मी अण्णांकडे गेलो आणि सारे सांगितले: काच, ब्लीच, चहा, तबकडी, सारे. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच विचारले.

“म्हणजे माझं वाजत नव्हतं ना?”

“नाही अण्णा. नुसतं सरकायचं.”

“दोन्ही बाजूंना?”

“दोन्ही बाजूंना.”

“मग ठीक आहे,” म्हणाले, आणि सुनेला दोन कप चहा टाकायला सांगितला.

घरी येऊन मी ती नावाची तबकडी काढली, कात्रीने तिचे तुकडे केले आणि पहिली बिननावाची बसवली. घड्याळ टाकून दिले नाही. १९६४ साली व्हेनिसला जुन्या वास्तू जतन करणारे निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ जमले होते. त्यांनी केलेल्या सनदेत एक शहाणा नियम आहे. जुन्या वास्तूत गळून गेलेल्या भागाच्या जागी नवा बसवताना तो सगळ्याशी सुसंगत दिसावा, पण मुळाहून वेगळा ओळखूही यावा, नाहीतर डागडुजीच खोटी साक्ष देईल. मी तो नियम माझ्या घड्याळाला लावला. घड्याळजींकडून त्याच्या पाठीवर ‘नक्कल’ असा शब्द आणि साल कोरून घेतले. कोरताना ते माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहत होते. असे गिऱ्हाईक त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटले असावे.

काचकागदाचे ओरखडे काही गेले नाहीत. त्यांत आता कुलपाचे, पंपाच्या हातळीचे आणि नातवाच्या खेळण्याचे चार खरे मिसळले आहेत. अण्णा अजून अधूनमधून येतात. आले की घड्याळ मागून घेतात, कडे फिरवतात, कान देऊन ती टकटक ऐकतात आणि समाधानाने मान हलवून म्हणतात, “नव्हतं वाजत.”