वांग आणि वैराग्य



देहाविषयी आपल्या संप्रदायात दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक, देह नाशिवंत आहे, त्याचा भरवसा धरू नये. दुसरी, नरदेह दुर्लभ आहे, याच देहाने नाम घेता येते, याच पायांनी पंढरीची वाट चालता येते, म्हणून त्याची हेळसांड करू नये. कीर्तनात या दोन्ही गोष्टी गोड वाटतात. पण घरात एखादा प्रसंग आला की माणूस आपल्या सोयीची तेवढी एक उचलतो आणि दुसरी विसरतो. आज आपण असाच एक प्रसंग विचाराला घेऊ. विषय बाळंतिणीच्या तोंडावर येणाऱ्या वांगाचा आहे. हा बायकांचा विषय, मासिकात कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या दुःखाला घरातले कोणी दुःख मानीत नाही, त्याचा विचार धर्माने करायचा नाही तर कोणी करायचा?

वांग म्हणजे काय हे माय-बहिणींना सांगायला नको. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी-काळसर डाग पसरतात. आयुर्वेदात याला व्यंग म्हणतात आणि सुश्रुतांनी ते क्षुद्ररोगांत घातले आहे. क्षुद्र म्हणजे जिवाला धोका नसलेले. त्याची कारणे सांगताना क्रोध आणि आयास, म्हणजे संताप आणि अतिश्रम, यांनी बिघडलेला वायू पित्ताला मिळतो, असे म्हटले आहे. आजचे डॉक्टर सांगतात की गर्भारपणात शरीरातली काही संप्रेरके वाढतात, कातडीला रंग देणाऱ्या पेशी जास्त काम करू लागतात आणि ऊन त्यात भर घालते. पुष्कळ जणींचे डाग बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिके होतात. काहींचे वर्षानुवर्षे राहतात. हा रोग कोणाला लागत नाही, ही दृष्ट नव्हे, आणि मागल्या जन्मीचे पाप तर मुळीच नव्हे.

आपल्या बीड जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली गावेच्या गावे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे पोटुशी बाई फडात उभी राहते आणि पुष्कळदा बाळंतीणही सव्वा महिना पुरा होण्याआधी फडात परतते. पाचट अंगाला कापते, बाळ उसाच्या सावलीला झोळीत असते आणि हिच्या तोंडावर दिवसभर ऊन असते. सुश्रुतांनी सांगितलेला आयास याहून वेगळा तो काय असणार?

बालाघाटावरच्या एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपल्यावर एक लेकुरवाळी पाया पडायला आली. तोंडावर पदर ओढलेला होता. ती म्हणाली, “महाराज, मी माळकरी हाय. देह नाशिवंत हाय, हे तुमीच सांगता अन् मला पटतं. पण आरशात बघितलं की रडू येतं. घरचे म्हणतात, गळ्यात माळ घातलीस ना, मग तोंडाचं कशाला घेऊन बसलीस? आता तुमीच सांगा, माझी भक्ती कच्ची हाय का?”

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला धरूनच दिले पाहिजे. घरच्यांचे म्हणणे हा झाला पूर्वपक्ष. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख आणि दोष पाहावेत, असे आहेच. मग देहाच्या विटण्याने कष्टी होणे हे अज्ञान नव्हे काय?

पण लक्षणांचा क्रम पाहा. अमानित्व पहिले, अदंभित्व दुसरे आणि अहिंसा तिसरी. वैराग्य दहावे येते आणि जन्म-मृत्यू-जरा-व्याधींचे दोष पाहणे त्याच्याही मागून बारावे. अहिंसेची पायरी चुकवून जो वैराग्याच्या पायरीवर उडी मारतो, तो ज्ञानाच्या घरी पोचत नाही, मध्येच आपटतो.

आणि ज्ञानोबा माउलींनी अहिंसेवर किती विस्तार केला आहे! अहिंसा म्हणजे नुसते जीव न मारणे, एवढ्यावर ते थांबत नाहीत. अहिंसक पुरुष चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, त्याचे हात कसे असतात, हे सारे त्यांनी सांगितले आहे. शब्द निघण्याआधी जिव्हाळा पोचला पाहिजे, कोणाच्या वर्मावर घाव बसू नये म्हणून तो बोलायलाच कचरतो. आणि नजरेविषयी तर कमाल आहे. प्राणिमात्रात परमात्मा भरलेला आहे, त्याला आपली दृष्टी रुतेल, या भीतीने तो सहसा कोणाकडे रोखून पाहतही नाही. शके १२१२ मध्ये, आपल्या शेजारच्या नेवाशात, माउलींनी नजरेतली हिंसा ओळखली. आपण मात्र बारशाला जमलेल्या बायकांसमोर बाळंतिणीकडे टक लावून म्हणतो, “अगं बाई, तोंडाचं काय झालं हे! ओळखू येईनास.” अध्याय रोज वाचायचा आणि त्याची तिसरी पायरी उंबऱ्याबाहेर ठेवायची, याला काय म्हणावे?

यातून सिद्धान्त निघतो तो असा. वैराग्य हे औषध स्वतः घ्यायचे असते, दुसऱ्याला पाजायचे नसते. माझा देह नाशिवंत आहे, हे मी मला सांगितले तर ते ज्ञान. तुझा देह नाशिवंत आहे, तू कशाला रडतेस, हे मी दुसऱ्याला सांगितले तर तो टोमणा. बोधाचे शब्द तेच असतात, पण ते कोणी कोणाला सांगितले यावर त्यांचे अमृत होते की विष, हे ठरते. दुसऱ्याच्या देहदुःखाला संतांनी वैराग्य दिले नाही, दया दिली. आणि गंमत अशी की सुनेला देह मिथ्या म्हणून सांगणारेच मुलगी पाहायला जातात तेव्हा आधी रंग पाहतात. ज्यांनी रंगावरून तिची पारख केली, त्यांनीच तिला रंगाचा मोह सोडायला सांगावे, हा न्याय नव्हे.

देवाने स्वतः काय केले ते आठवा. चोखोबांची सोयराबाई गर्भारशी होती. घरात दारिद्र्य, चोखोबा बहिणीकडे, निर्मळेकडे गेलेले. वेणा सुरू झाल्या आणि जवळ कोणी नाही. तिने विठ्ठलाचा धावा केला. देव निर्मळेचे रूप घेऊन नणंद म्हणून आला आणि त्याने तिचे बाळंतपण केले. ही कथा आपण सारे डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. तिचा अर्थ मात्र नीट घ्यावा. जी खोली जग विटाळाची म्हणून दूर ठेवते, तिथे देव शिरला. त्याने सोयराबाईला तत्त्वज्ञान सांगितले नाही. चूल पेटवली असेल, पाणी तापवले असेल, बाळाला न्हाऊ घातले असेल. पुढे याच सोयराबाईने देहाच्या विटाळाविषयी जगाला निरुत्तर करणारा प्रश्न विचारला. देह विटाळाचा असेल तर विटाळावाचून कोणता देह जन्मला, हा तिचा रोख. आधी सेवा मिळाली, मग ज्ञान फुलले. नणंदेचे रूप घ्यायला देवाला कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

आणखी एक दृष्टान्त आपल्या रोजच्या दर्शनातला आहे. विठोबाच्या पायांवर शतकानुशतके भक्तांनी डोके ठेवले, हात ठेवले. त्या स्पर्शाने मूर्तीच्या चरणांची झीज झाली. ते पाय पाहून कोणी म्हणाले का, की देव कुरूप झाला? उलट त्या झिजेतच आपल्याला त्याची माया दिसते. भक्तांना कवटाळू देता देता तो झिजला. मग लेकराला नऊ महिने पोटात वाढवताना आईच्या तोंडावर जी खूण उमटली, तिला आपण कलंक का म्हणावे? पण दृष्टान्ताची दुसरी बाजूही घ्या. चरण झिजले, म्हणजे नाशिवंतच आहेत, असे म्हणून कोणी हात जोडून बसले नाही. जाणकार बोलावून वज्रलेप केला. झिजेचा मान राखायचा आणि झीज भरायचीही, दोन्ही एकदम करता येते. आईच्या देहालाही हाच न्याय लावावा.

म्हणून इलाज करणे हा भक्तीला बाध नव्हे. पण इलाज डोळसपणे करावा. बाजारात आठ दिवसांत तोंड उजळणारी मलमे मिळतात. त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असते. सुरुवातीला डाग जातात, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ आणि लव येते, आणि मलम सोडले की डाग अधिक गडद होऊन परततात. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ साली केंद्र सरकारने केला, तरी ती सर्रास मिळतात. काही क्रीममध्ये पारा असतो. २०२३ साली विदर्भातल्या एका घरातील मायलेकींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममुळे इजा झाल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. लिंबू चोळून उन्हात जाणेही वाईट, त्याने कातडी पोळते. पदराने किंवा रुमालाने तोंड झाकावे, जमल्यास डॉक्टरांना विचारून सनस्क्रीन लावावे, आणि औषध घेताना बाळ अंगावर पिते हे आधी सांगावे. तोंड फिकट पडले असेल तर रक्त तपासून घ्यावे. आणि सून रात्र-रात्र जागते, विनाकारण रडते, बाळाकडे बघत नाही, असे दिसले तर ते नखरे समजू नयेत. आशाताईंना सांगावे, दवाखान्यात न्यावे.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. गर्भारशीच्या तोंडाकडे पाहून पोटात काय आहे याचा अंदाज बांधायची खोड आपल्याकडे आहे. मुलगी आईचे रूप घेते, म्हणून तोंडावर वांग आले की मुलगी, असे काही घरांत म्हणतात. दुसऱ्या घरांत नेमके उलटे सांगतात. दोन्ही खोटे, कारण वांगाला पोटातल्या जिवाचे मुलगा-मुलगीपण कळत नाही. पण आपल्या जिल्ह्यात ही गंमत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. जन्माआधीच मारलेल्या लेकींचा तो हिशेब आहे. ज्या मातीत असे घडले, तिथे आईच्या तोंडावरचा डाग पोटातल्या लेकीच्या माथी मारणारे बोलणे म्हणजे नुसती बडबड नव्हे, त्या पापाला घातलेले खतपाणी आहे. माळकऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही.

उरला त्या लेकुरवाळीचा प्रश्न. भक्ती कच्ची आहे का? माये, नाही. तोंड विटले म्हणून वाईट वाटणे हा देहाचा धर्म आहे. काटा रुतल्यावर दुखते तसेच ते. देहबुद्धी याहून वेगळी. मी म्हणजे एवढे तोंडच, ते बिघडले म्हणजे मीच बिघडले, असे मनाने धरणे ही देहबुद्धी. ती तुला जन्मतः आली नव्हती. लहानपणापासून लोकांनी तुला रंगावरून हाका मारल्या, त्यातून ती आली. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला रूप अपार होते, आणि त्या रूपापायीच तिच्यावर बादशहाचे बोलावणे येऊन संकट कोसळले. तिने धाव घेतली ती विठ्ठलाच्या पायाशी, आणि तिथे तिच्या रूपाची किंमत कोणी विचारली नाही. तुझ्याही डागाची कोणी विचारणार नाही. विटेवरचा तो स्वतः काळासावळा आहे, आणि त्याच्या वाळवंटात कोण गोरी, कोण काळी, याची नोंद नाही. रडू आले तर रडून घे, नंतर बाळाला मांडीवर घेऊन नाम घे. त्या बाळाला तुझ्याच तोंडाची ओळख आहे, आणि जगातले सर्वांत सुंदर तोंड ते तेवढेच जाणते.

आणि घरच्यांनो, तुम्ही आषाढीला पायी निघता, एकमेकांच्या पाया पडता, अनोळखी बाईलाही माउली म्हणता. तेच माउलीपण घरातल्या बाळंतिणीला द्या. तिच्या हातचे काम थोडे आपण घ्या, तिला उन्हात धाडू नका, आणि तिच्या तोंडाकडे पाहताना ज्ञानोबांनी सांगितलेली ती नजर आठवा.