झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपली जुनी माणसे सांगत आली. घरात चणचण असली तरी दिवाळीला दारात पणत्या लागतात, शेजारी फराळाचे ताट जाते, आणि आतली ओढाताण उंबऱ्याबाहेर पडत नाही. या झाकण्यात मला काही गैर दिसत नाही. त्यात एक मानीपणा आहे. मूठ आपली असते आणि तिच्यात जे काही असते किंवा नसते, तेही आपलेच असते. परंतु हीच म्हण एखादे सरकारी खाते आचरू लागले तर? तिथे मूठ खात्याची, पण आतला ऐवज लोकांचा. पैसा लोकांचा, आणि कधी कधी तर देहही लोकांचेच. अशी मूठ झाकण्याचा अधिकार कोणाला?

हा प्रश्न मनात आला की मला अमेरिकेच्या ऊर्जाखात्याची हकीकत आठवते. हे खाते १९७७ साली स्थापन झाले. परंतु त्याच्याकडे वारसा आला तो महायुद्धात अणुबाँब घडविणाऱ्या गुप्त योजनेचा आणि १९४७ साली तिचा कारभार हाती घेणाऱ्या अणुशक्ती आयोगाचा. गुप्तता ही जणू या घराण्याची कुलदेवताच! अण्वस्त्रांविषयीची माहिती तिथे जन्मतःच गुप्त मानली जाई. ती झाकण्यासाठी शिक्का लागत नसे; उघडायची झाली तरच परवानगी लागे.

१९९३ साली हेझल ओ'लिअरी या खात्याच्या मंत्री झाल्या. त्या पदावर आलेली ही पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्याच वर्षी ७ डिसेंबरला त्यांनी वार्ताहरांना बोलावून सांगितले की, १९६३ ते १९९० या काळात देशाने २०४ अणुचाचण्या कोणालाही न सांगता केल्या होत्या. त्याहूनही जिव्हारी लागणारी दुसरी गोष्ट होती. १९४५ ते १९४७ या काळात अठरा रुग्णांच्या शरीरात प्लुटोनियम टोचण्यात आले होते, आणि बहुतेकांना आपल्याला काय टोचले जात आहे याची कल्पनाही देण्यात आली नव्हती. दप्तरात ती माणसे सांकेतिक क्रमांकांनी नोंदलेली होती. त्यांतल्या काहींची नावे न्यू मेक्सिकोतील एका लहानशा वर्तमानपत्राने नुकतीच शोधून काढली होती. ओ'लिअरीबाईंनी हा विषय टाळला नाही. पुढे चौकशी समिती नेमली गेली, आणि १९९५ च्या ऑक्टोबरात तिचा अहवाल स्वीकारताना अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली.

मॅसॅच्युसेट्समधील फर्नाल्ड नावाच्या शाळेतील मुलांची कथाही याच सुमारास लोकांपुढे आली. मतिमंद ठरवून तिथे ठेवलेल्या मुलांना एका विज्ञान मंडळाचे सभासद करून घेतले होते, आणि त्यांच्या न्याहरीत किरणोत्सर्गी लोह व कॅल्शियम अत्यल्प प्रमाणात मिसळले होते. आईबापांना पाठविलेल्या पत्रात किरणोत्सर्गाचा शब्दही नव्हता. यातून मुलांना शारीरिक अपाय झाला असण्याचा संभव फारच थोडा, असे तज्ज्ञांचे मत पडले.

मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. मला वाटते, नीतीचा खरा प्रश्न इथेच उभा राहतो. अपाय झाला नाही म्हणून अन्याय झाला नाही, असे ठरत नाही. आपल्या मुलाच्या ताटात कोणी काही घातले आणि आपल्याला विचारले नाही, तर ते औषध होते की विष हा प्रश्न दुसरा. ‘मला का विचारले नाही?’ हा पहिला.

काही गोष्टी झाकल्याच पाहिजेत, हे मला मान्य आहे. बाँब कसा करावा हे चव्हाट्यावर सांगायचे नसते. पण एकदा कुलूप हाती आले की ते कोणत्या दाराला लावावे याचा विवेक सुटत जातो. १९४७ च्या एप्रिलमधील अणुशक्ती आयोगाचा एक कागद पुढे खुला झाला. माणसांवरील प्रयोगांची जी कागदपत्रे लोकमत बिघडवतील किंवा कोर्टकचेऱ्या ओढवतील, ती बाहेर जाऊ देऊ नयेत, अशी त्यात सूचना आहे. हे कारण शत्रूच्या भीतीचे नव्हे. कुलूप शत्रूसाठी केलेले, आणि लावले ते घरच्याच माणसांच्या तोंडावर!

यावरून ओ'लिअरीबाईंची आरती ओवाळावी, असेही मला वाटत नाही. कोणता वार्ताहर खात्याविषयी अनुकूल लिहितो आणि कोणता प्रतिकूल, याची मोजदाद करण्यासाठी खात्याने एका कंपनीला ४० हजारांहून अधिक डॉलर दिल्याचे १९९५ साली उघड झाले. दुसरी गोष्ट तर आपल्या कोकणातली. वॉशिंग्टनमध्ये ती दप्तरे उघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९९३ रोजी, महाराष्ट्राच्या वीजमंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. स्पर्धेच्या निविदा नाहीत, वाटाघाटी बंद दाराआड. मुंडे समितीने पुढे यावरच बोट ठेवले. आणि करार मोडण्याची चिन्हे दिसू लागताच, तो पाळला नाही तर भारतातील इतर खासगी वीजप्रकल्पांनाही पैसा मिळणे अवघड होईल, असा इशारा जून १९९५ मध्ये देणारे खाते कोणते? तर हेच, ओ'लिअरीबाईंचे! घरच्या खिडक्या उघडणाऱ्यांना परक्या गावच्या बंद दाराची खंत वाटली नाही. ऑगस्टमध्ये तो करार रद्द झाला, पुढे नव्या अटींवर पुन्हा झाला. २००१ साली वीजमंडळाने खरेदी थांबविली आणि त्याच वर्षी एन्रॉनचेही दिवाळे निघाले.

म्हणूनच, खुलेपणा एखाद्या भल्या माणसाच्या मर्जीवर सोपवू नये. मर्जीने उघडलेले दार मर्जीनेच लागते. १९९७ च्या आरंभी ओ'लिअरीबाई गेल्या, आणि १९९८ साली अमेरिकी संसदेने जुनी दप्तरे खुली करण्यापूर्वी ती पानापानाने तपासण्याची सक्ती केली. उघडण्याचा वेग त्यामुळे मंदावला.

माहिती देणे हे खात्याचे दान नव्हे; ती ठेव परत करणे आहे. ठेव परत करणाऱ्या सावकाराला आपण दाता म्हणत नाही. मात्र ठेवीदाराने ती मागायलाही हवी. महाराष्ट्रात १९९९ साली वीज नियामक आयोग आला, आणि २००३ च्या वीज कायद्याने दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे त्याला बंधनकारक केले. आपल्या घरच्या विजेचे बिल कसे ठरते, हे विचारण्याची जागा त्यामुळे आपल्याला मिळाली आहे. तिथली भाषा किचकट असते, आकडे रुक्ष असतात, वेळही मोडावा लागतो, हे खरे. पण आपण गेलो नाही, तर ती मूठ पुन्हा झाकली जाईल. आणि या वेळी ती कोणी झाकली, याचे उत्तर आपल्याला आपल्याच घरात शोधावे लागेल.