डिझेल आणि दैव

परभणी जिल्ह्यात ऐन उन्हाळ्यात शेततळ्याचे वा रस्त्याचे काम ज्याने पाहिले असेल, त्यास पुढील देखावा नवा नाही. काळ्या रानात पोकलेन उभा आहे. इंजिन चालूच आहे. मदतनीस कॅनमध्ये सोडलेल्या नळीचे टोक तोंडाने ओढून डिझेल टाकीत सोडीत आहे आणि चार पावलांवर कोणी बिडी शिलगावीत आहे. काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही काही होत नाही. आमचा प्रश्न येथूनच निघतो : ज्या निष्काळजीपणातून अनर्थ घडला नाही, तो दोष मानावा की नाही?

लोकव्यवहार म्हणतो, मानू नये. पेटते ते पेट्रोल, डिझेल नव्हे, असा त्यास आधारही मिळतो. हे अर्धसत्य आहे. ३५ अंश सेल्सियसच्या खाली डिझेलची वाफ ज्योत लागताच पेट घेऊ नये, एवढीच अट आपल्या देशातील मानकाने घातली आहे. परभणीस मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात तापलेल्या कॅनची गोष्ट तर बोलावयास नको. नळी तोंडाने ओढताना घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसास सूज येते, ती निराळीच. तेव्हा काल जे टळले ते दैवाने टळले. त्याचे श्रेय माणसाने घेणे म्हणजे दुसऱ्याच्या पुण्याईवर यजमानपण मिरविणे होय.

दोष कोणाचा, हे ठरविणे अधिक अवघड. बिडी ओढणाऱ्याचा दोष त्याचाच. गरिबीच्या नावाखाली तो आम्ही माफ करणार नाही. परंतु इंजिन का बंद होत नाही? यंत्र तासाच्या भाड्याने आलेले असते. ते बंद करावयाचे, तापलेला भाग निवू द्यावयाचा आणि मग हातपंपाने तेल भरावयाचे, यात जी मिनिटे जातात ती कोणाच्याच हिशेबात नसतात. चालकाने ती घेतली तर तो आळशी ठरतो. कायद्याकडे पाहावे, तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल बाळगण्यास परवान्याची गरज ठेविलेली नाही. मात्र कोणतेही एक भांडे १,००० लिटरहून मोठे नसावे. ही सवलत योग्यच आहे, नाहीतर शेतकऱ्याचे जिणे अशक्य होईल. पण त्यामुळे बांधावरच्या दोन कॅनांवर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची नजर नसते. तेथे असते ती काम करवून घेणाऱ्याची.

त्या मिनिटांचे भाडे कोणी द्यावे, असे कोणी विचारील. ज्याच्या रानात तळे खणले जाते त्याने, असे आमचे उत्तर आहे. हे उत्तर आम्हांस फार उशिरा सुचले. आमच्या रानात तळे खणले जात असता चालकाने यंत्र थांबविले, तेव्हा घड्याळ काढून त्यास वेळ विचारणारे आम्हीच होतो. त्याने काही न बोलता इंजिन पुन्हा चालू केले आणि मुलास कॅन आणावयास सांगितले.