दहापैकी किती?

मेलबर्न क्रिकेट मैदान आपल्याला ठाऊक असतं ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. हिवाळ्यात मात्र तिथली खेळपट्टी काढून नेलेली असते, दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे राहतात आणि एका लंबगोल चेंडूसाठी दोन्ही बाजूंचे 18-18 जण एकमेकांना भिडतात. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, तिथल्या लोकांची ‘फूटी’. काढला क्रिकेटवाल्यांनीच. हिवाळ्यात खेळाडू आळसावू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढा, असं पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 साली लिहिलं आणि पुढच्याच वर्षी नियम कागदावर आले.

सामना संपला की परतीच्या ट्राममध्ये दुसरा खेळ सुरू होतो. आपल्या संघातल्या एकेकाला दहापैकी किती? कर्णधाराला सात. त्या उंच पोराला पाच, तेही आज जिंकलो म्हणून. दोन थांबे जाईपर्यंत अख्ख्या संघाचा निकाल लागलेला असतो.

या गुणांना हसणं सोपं आहे. मला मात्र ते फार बोलके वाटतात, फक्त खेळाडूबद्दल नव्हे. सामनाभर देणाऱ्याचे डोळे कुठे होते, ते त्या आकड्यातून कळतं. मैदान प्रचंड, ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे खेळाडू कुठेही पांगलेले. डोळा चेंडूमागे जातो. मधल्या फळीतला चांगला खेळाडू एका सामन्यात तीस-तीस वेळा चेंडू हाताळतो. शेवटच्या बचावपटूच्या वाट्याला तो कित्येकदा दहा वेळाही येत नाही. समोरच्याला चेंडू मिळू न देणं हेच तर त्याचं काम. उंच आलेला चेंडू मूठ मारून उडवायचा, सोबत्याला वाट करून द्यायला मध्ये अंग घालायचं. असल्या कामांना आकडेवारीत ‘वन पर्सेंटर’ म्हणतात. एक टक्का! नावातच किंमत लावून टाकली. ‘टॅगर’ची तऱ्हा याहून वाईट. प्रतिस्पर्ध्याच्या हुकमी खेळाडूला तो दिवसभर चिकटून असतो. त्याची कमाई दुसऱ्याच्या खात्यातली तूट म्हणूनच दिसते. तिथे कोण बघायला जातो?

बरं, हा दोष एकट्या प्रेक्षकाचा नाही. 1924 पासून हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिलं जाणारं ब्राउनलो पदक मैदानावरच्या पंचांच्या मतांवर ठरतं. प्रत्येक सामन्यानंतर ते तिघा खेळाडूंना 3, 2 आणि 1 मत देतात. पंचही चेंडूच्याच मागे धावतात. पदक बहुतेकदा मधल्या फळीकडे जातं. 1993 मध्ये एसेंडन क्लबच्या गॅव्हिन वाँगनीनसारख्या बचावपटूला मिळालं, ते नवलच. 2005 च्या अंतिम सामन्यात सिडनी चार गुणांनी पुढे असताना अगदी शेवटच्या क्षणी चेंडू त्यांच्या गोलसमोर उंच आला आणि बचावपटू लिओ बॅरीने घोळक्यात उडी मारून तो झेलला. सिडनीला 72 वर्षांनी विजेतेपद मिळालं. सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक मात्र हरलेल्या वेस्ट कोस्टच्या क्रिस जडला गेलं. जड उत्तम खेळला होता, अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण आज त्या सामन्याची आठवण निघाली की लोक आधी बॅरीचा झेल सांगतात.

मग गुण देण्याचं हे काम यंत्रावरच का सोपवू नये? कारण यंत्राला अपेक्षा नसते. चार वर्षं राखीव संघापासून एखाद्या पोराला बघत आलेल्या माणसाला कळतं, की आज तो पहिल्यांदाच डाव्या पायाने मारायला कचरला नाही. त्याचा ‘सहा’ आणि कर्णधाराचा ‘सहा’ एक नव्हेत. हिशेब म्हणून ते चूक, पण जाण म्हणून खरं. अर्थात हीच आठवण डूखही धरते. गेल्या वर्षी मोक्याच्या क्षणी ज्याने सोपा गोल चुकवला, तो पुढचा प्रत्येक सामना दोन गुण कमी घेऊनच सुरू करतो. आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला तावातावाने ‘शून्य’ देणाऱ्याने त्याच्याकडे पाच मिनिटं तरी सलग पाहिलेलं असतं का, याची मला दाट शंका आहे.

ज्याला पाहिलं नाही त्याचा रकाना कोरा ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. एकदा मी करून पाहिलं. एक पूर्ण सत्र फक्त शेवटच्या बचावपटूवर नजर ठेवली. चेंडू पलीकडच्या टोकाला असतानाही तो स्वस्थ नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीला कोपर लावून अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे, मध्येच हात उंचावून सोबत्यांना जागा दाखवणं. चेंडू त्याच्या हाती दोनदा आला. गोल कोणी मारले, मला सांगता आलं नसतं. शेवटी मी त्याला आठ दिले आणि बाकी सतरा रकाने तसेच सोडले. शेजारच्या आजोबांनी माझा कागद निरखून पाहिला आणि आपला पुढे केला. त्यांनी सगळ्यांना गुण दिले होते. पंचांनाही. शून्य.